कॅनडात प्रवेश मिळाला, परवान्याचे काय?

कॅनडाचे स्थायी वास्तव्य मिळाले म्हणजे तेथे आपल्या व्यवसायाचे दारही उघडले, असा समज गोव्यातील अनेक उच्चशिक्षित कुटुंबांत आढळतो. प्रत्यक्षात ही दोन दारे निराळी आहेत आणि त्यांच्या किल्ल्याही निराळ्या हातांत आहेत.

२०१५पासून लागू असलेल्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ पद्धतीत वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांना गुण देऊन केंद्र सरकार अर्जदारांची निवड करते. व्यवसायाचा परवाना मात्र प्रांतांच्या अखत्यारीत येतो. वैद्यक, परिचर्या, अभियांत्रिकी अशा क्षेत्रांत त्या त्या प्रांताची नियामक संस्था पात्रता स्वतंत्रपणे तपासते. अर्जासाठी घेतलेला पदवी-समकक्षतेचा दाखला स्थलांतराच्या गुणांपुरताच असतो. तो परवाना नव्हे. त्यामुळे ज्या पदवीमुळे देशात प्रवेश मिळाला, तिच्याच बळावर काम मात्र मिळत नाही, असा विरोधाभास घडतो. सॉफ्टवेअर क्षेत्रात सहसा परवाना लागत नसल्याने तेथील वाट तुलनेने सरळ असते.

तिसरा अडसर ‘कॅनेडियन अनुभवा’चा. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही! ऑंटारियोच्या मानवाधिकार आयोगाने २०१३मध्येच ही सरसकट अट सकृद्दर्शनी भेदभावाची ठरवली. अभियंत्यांना परवान्यासाठी लागणारी एक वर्षाच्या स्थानिक अनुभवाची अट तेथील नियामक संस्थेने २०२३मध्ये काढून टाकली. १ जानेवारी २०२६पासून त्या प्रांतात २५ वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना नोकरीच्या जाहिरातीत अशी अट घालता येत नाही. तथापि, जाहिरातीतून अट गेली म्हणून मालकाच्या मनातील शंका जातेच असे नाही.

म्हणूनच पहिली नोकरी निर्णायक ठरते. चरितार्थासाठी वेगळ्याच क्षेत्रात काही वर्षे गेली, तर कौशल्य गंजते आणि परतीची वाट लांबते. परवाना नसलेला अभियंता परवानाधारकाच्या जबाबदारीखाली काम करू शकतो. पद एक पायरी खालचे असले तरी अनुभव आपल्याच क्षेत्रातला जमा होतो.

परवान्याची तयारी गोव्यातूनच सुरू करणे हिताचे. कोणत्या प्रांतात जायचे ते ठरवून तेथील नियामक संस्थेचे नियम वाचावेत. गुणपत्रके अनेकदा विद्यापीठाकडून थेट पाठवावी लागतात, तर अनुभवपत्रात केवळ पदनाम न लिहिता कामाचे स्वरूप नोंदवून घ्यावे लागते. विमानाच्या तिकिटाइतकाच परवान्याच्या परीक्षांचा खर्च आणि कालावधीही हिशेबात धरलेला बरा.