जोडलेली मान

"मानेचं ऑपरेशन? अगं, लुळी पडशील!" २००९ साली शेजारणीपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी मला हेच ऐकवलं. पण उजव्या खांद्यापासून अंगठ्यापर्यंत अशी कळ जायची की भाकरी थापणं बंद झालं होतं. रात्र रात्र हात डोक्यावर ठेवून बसायची, तेवढाच आराम. सहा महिने गोळ्या, पट्टा, व्यायाम करून झाले आणि मग मी होकार दिला.

पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती सरकून नस दाबली गेली होती. गळ्याच्या पुढच्या बाजूने छेद देऊन ती काढली. तिच्या जागी माझ्याच कमरेच्या हाडाचा तुकडा आणि वर टायटॅनियमची पट्टी. त्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "मिश्री लावता?" तंबाखूमुळे हाड जुळायला अडथळा येतो म्हणे. सासूबाई शेजारीच बसलेल्या, खोटं कसं बोलणार! डबी तेव्हाच सुटली.

शुद्धीवर आले तर हातातली कळ गायब. घास गिळायला मात्र काही दिवस त्रास झाला, आणि मानेपेक्षा कमरच जास्त ठणकली.

"मान वळते का गं?" हा बायकांचा ठरलेला प्रश्न. वळते की! मान डावी-उजवीकडे फिरवण्याचं जवळजवळ निम्मं काम अगदी वरचे दोन मणकेच करतात.

खरी गोष्ट पुढेच आहे. दोन मणके जोडले की त्यांच्या हालचालीचा भार शेजारच्यांवर येतो. ३७४ रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. दरवर्षी शंभरात सुमारे तिघांना शेजारच्या सांध्याचा नवा त्रास झाला. दहा वर्षांत साधारण चौघांत एकाला होईल, असा त्यांचा अंदाज होता. यात जोडकामाचा दोष किती आणि वयाचा किती, यावर अजून एकमत नाही.

२०२२ मध्ये माझंही मधलं बोट बधिर झालं. "ऑपरेशन फसलं," मुलगा म्हणाला. मीही घाबरले, खोटं कशाला सांगू? पण एमआरआयमध्ये जुना जोड पक्का होता, खालची चकती झिजली होती. हाताची ताकद शाबूत आहे, म्हणून सध्या फक्त व्यायाम चालू आहे. हातातून वस्तू पडू लागल्या, चालताना तोल गेला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर एक दिवसही थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

रोज सकाळी ब्लाउजचे हुक लावताना बोटं नीट चालताहेत ना, एवढं मी पाहून घेते.