हँडल आपलं, डोकं कुणाचं?

ट्रॅक्शन कंट्रोल, कॉर्नरिंग एबीएस, लाँच कंट्रोल... आजच्या सुपरबाईकवर रायडरसोबत एक कॉम्प्युटरही बसलेला असतो. तो नक्की करतो काय? आणि मुख्य म्हणजे, काय करू शकत नाही?

रविवारी पहाटे सहाला निगडीच्या किंवा पनवेलच्या पेट्रोल पंपावर जरा थांबून बघा. आठवडाभर एसीत बसून एक्सेल शीट भरणारी मंडळी तिथे चक्क योद्ध्यांच्या वेषात अवतरतात. लेदरचं जॅकेट, गुडघ्याला गार्ड, हातात हेल्मेट. एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी, त्यामुळे सगळा ताफा जुन्या हायवेने लोणावळ्याकडे निघतो. तिथे मिसळ, चहा आणि गप्पा. पूर्वी या गप्पांत हॉर्सपॉवर आणि टॉप स्पीड असायचं. आता विषय बदललाय. 'तुझ्यात आयएमयू सिक्स ॲक्सिस आहे का?' 'क्विकशिफ्टर दोन्ही बाजूंनी चालतो का?' बाईकच्या गप्पा आहेत की लॅपटॉपच्या, कळेनासं होतं!

माझ्या ऑफिसातला एक मित्र गेल्या वर्षी अशीच एक १००० सीसीची बाईक बुक करायच्या बेतात होता. किंमत वीस लाखांच्या पुढे. होम लोन चालू, घरी दोन वर्षांची मुलगी. बायकोचा विरोध मोडून काढायला त्याच्याकडे एकच हुकमी पत्ता होता. "अगं, यात इतकी इलेक्ट्रॉनिक्स आहेत, की पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही!"

या वाक्याने मला छळलं. खरं आहे का हे? म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. जे हाती आलं ते इथे मांडतोय.

एका किलोला एक घोडा

आधी मुळात या सगळ्याची गरज का पडली ते बघू. यामाहाची २०१५ची आर१ घ्या. वजन पेट्रोलसकट १९९ किलो, ताकद सुमारे २०० हॉर्सपॉवर. म्हणजे किलोमागे एक घोडा! डुकाटीची २०१८ची पानिगाले व्ही४ तर २१४ हॉर्सपॉवरवर गेली. आणि ही सगळी ताकद रस्त्यावर उतरते ती मागच्या टायरच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागातून. एवढ्याशा रबरावर एवढे घोडे सोडले तर टायर फिरणार, घसरणार, नाहीतर पुढचं चाक हवेत जाणार.

त्यात सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे हायसाइड. वळणातून बाहेर पडताना रेस जास्त पिळली गेली, की मागचं चाक बाहेर सरकतं. घाबरून रेस सोडली, की त्याच टायरला अचानक पुन्हा पकड मिळते. बाईक झटक्यात सरळ होते आणि वरच्या माणसाला गोफणीतल्या दगडासारखी भिरकावते. जुन्या ५०० सीसी टू-स्ट्रोक ग्रांप्रीच्या जमान्यात या एका प्रकाराने भल्याभल्यांची हाडं मोडली. ट्रॅक्शन कंट्रोलचा खरा शत्रू हाच.

रेस पिळतो आपण, देतो तो

पूर्वी रेस पिळली की केबल ओढली जायची आणि तेवढं पेट्रोल-हवा आत जायचं. हात आणि इंजिन यांचं थेट नातं. २००६ मध्ये यामाहाच्या आर६ने हे नातं मोडलं. तिच्यात थ्रॉटल उघडायचं काम केबलऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी मोटर करू लागली. यालाच राइड-बाय-वायर म्हणतात. आपण रेस पिळतो म्हणजे खरं तर अर्ज करतो. मंजूर किती करायचा, ते कॉम्प्युटर ठरवतो.

पुढची पायरी म्हणजे चाकांचा वेग मोजणं. दोन्ही चाकांवर सेन्सर असतात. मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरू लागलं, म्हणजे ते घसरतंय. मग कॉम्प्युटर स्पार्कची वेळ मागे नेतो, एखादा स्पार्क खाऊन टाकतो किंवा थ्रॉटल थोडा मिटतो. डुकाटीने २००८च्या १०९८आरमध्ये हे रेसिंगचं तंत्र रस्त्यावरच्या गाडीत आणलं. पाठोपाठ बीएमडब्ल्यूची एस१०००आरआर आली. १९३ हॉर्सपॉवर, पण रेन मोडमध्ये टाकली की हीच गाडी १५० हॉर्सपॉवरची शहाणी मुलगी व्हायची!

पण इथे एक गोची आहे. बाईक वळणात कलली की टायर मधल्या भागावर न चालता कडेवर चालतो, आणि कडेचा घेर मधल्यापेक्षा लहान असतो. म्हणजे चाक घसरत नसतानाही जास्त फेरे घेतं. कॉम्प्युटरला कलल्याचं माहीतच नसेल, तर त्याची गफलत होणार. त्याला बाईकचा कल कळणं भाग होतं.

ते काम पक्कं केलं आयएमयूने. तळहातावर मावेल एवढी ही डबी. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली किती जोर लागतोय, हे मोजणारे तीन सेन्सर. बाईक किती कलतेय, नाक किती उचलतेय आणि किती वळतेय, हे मोजणारे आणखी तीन. झाले सिक्स ॲक्सिस. २०१५च्या आर१मधली डबी सेकंदाला १२५ वेळा हिशेब करायची. आता आपला हिशेब बघा. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. १०० किमीच्या वेगाला तेवढ्यात बाईक सात मीटर पुढे जाते. या डबीच्या दोन हिशेबांमध्ये ती सरकते फक्त २२ सेंटीमीटर!

मग बाकीची मंडळी आपोआप आली. पुढचं चाक उचलायला लागलं की ताकद कमी करणारा व्हीली कंट्रोल. रेसच्या सुरुवातीला इंजिनचे आरपीएम धरून ठेवणारा लाँच कंट्रोल. क्लच न दाबता गिअर टाकू देणारा क्विकशिफ्टर. आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी, कॉर्नरिंग एबीएस. वळणात कललेलं असताना जोरात ब्रेक मारला, की बाईक उभी राहायला बघते आणि सरळ बाहेर जाते. घाटात 'बाहेर' म्हणजे समोरून येणारा ट्रक किंवा दरी. कॉर्नरिंग एबीएस कल बघून ब्रेकचा जोर हळूहळू वाढू देतो, त्यामुळे बाईक वळणात राहायची शक्यता वाढते.

चेन्नईच्या उन्हात दोन रेषा

कागदावर हे सगळं वाचून झालं, पण समाधान होईना. मित्राला म्हटलं, बुकिंगचा चेक लिहायच्या आधी एकदा ट्रॅकवर जाऊ. मग दोघांनी सुट्ट्या टाकल्या आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एका रायडिंग स्कूलचे दोन दिवस बुक केले. गाड्या स्कूलच्याच, ३०० सीसीच्या आसपासच्या. मित्राचं तोंड वाकडं झालं. "एवढ्या लांब येऊन ही चालवायची?"

पहिल्याच सेशननंतर तोंड सरळ झालं. उन्हाने अंगावरचं लेदर तापलेलं, मनगटं भरून आलेली, आणि त्या 'लहान' गाडीनेही घाम काढलेला. वळणात नजर कुठे ठेवायची, शरीर कधी सरकवायचं, रेस कधी आणि किती हळू उघडायची, इथूनच श्रीगणेशा होता.

दुपारच्या सुट्टीत बंगळुरूहून आलेला एक रायडर भेटला. तो स्वतःची १००० सीसीची बाईक घेऊन आला होता. त्याने लॅपटॉपवर तिचा डेटा उघडून दाखवला. स्क्रीनवर दोन रेषा होत्या. एक निळी, म्हणजे त्याच्या हाताने मागितलेला थ्रॉटल. एक लाल, म्हणजे कॉम्प्युटरने प्रत्यक्षात दिलेला. सरळ रस्त्यावर दोन्ही रेषा एकावर एक. पण वळणातून बाहेर पडताना निळी वर चढलेली आणि लाल बरीच खाली. हाताने ऐंशी मागितले, यंत्राने पन्नासच दिले.

आमचा इन्स्ट्रक्टर मागून बघत होता. त्याने त्या दोन रेषांमधल्या जागेवर बोट ठेवलं. म्हणाला, "ही जागा उधारी आहे. चांगल्या रायडरच्या ग्राफमध्ये ती लहान असते."

मित्र बराच वेळ त्या ग्राफकडे बघत राहिला. परतीच्या विमानात मला म्हणाला, "माझी उधारी केवढी निघेल रे?" मी काही बोललो नाही. बुकिंग त्याने पुढे ढकललं.

जगातल्या फास्ट गाड्यांना एबीएसच नाही

तुम्ही म्हणाल, मग मोटोजीपीवाले तरी काय करतात? त्यांची तर सगळी गाडीच इलेक्ट्रॉनिक्सवर चालते! अर्धं खरं आहे. त्यांच्याकडे ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ट्रॅकच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगळी सेटिंग्ज आहेत, आणि टायर झिजतील तसे रायडर अंगठ्याने बटण दाबून मॅप बदलतात. पण ताशी ३६० किमीच्या वर जाणाऱ्या या गाड्यांना एबीएस नाही. नियमातच बसत नाही. तिथे ब्रेकवरच्या बोटांचं काम बोटांनीच करायचं.

दुसरी गंमत २०१६ची. तोवर मोठ्या कंपन्या स्वतःचं सॉफ्टवेअर वापरायच्या. ज्याचे इंजिनिअर जास्त, त्याची गाडी शहाणी. २०१६ पासून सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. २०१५च्या सीझनमध्ये रेस जिंकणारे रायडर फक्त चार होते. २०१६ मध्ये झाले नऊ! त्या वर्षी टायरची कंपनीही बदलली होती आणि काही रेसेस पावसात झाल्या, त्यामुळे सगळं श्रेय सॉफ्टवेअरला देता येणार नाही. पण एक गोष्ट दिसलीच. सगळ्यांचं यंत्र सारखंच शहाणं झालं, की फरक पुन्हा माणसावर येतो.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर आली होती. मार्को बेझेक्कीने ती रेस जिंकली. उकाडा इतका, की शर्यतीचे तीन लॅप्स कमी करावे लागले. जगातले सगळ्यात तयारीचे रायडर, सगळ्यात महागडी यंत्रं, तरी उन्हापुढे नियम वाकवावा लागला. शरीराला सॉफ्टवेअर अपडेट नसतो, बॉस!

कॉम्प्युटरला न दिसणाऱ्या गोष्टी

आता मूळ प्रश्नाकडे. पडता येणार नाही, हे खरं का? नाही. साफ नाही. इलेक्ट्रॉनिक्स पकड निर्माण करत नाहीत. टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड आहे, तेवढीच काटकसरीने वापरतात. खंडाळ्याच्या वळणावर ट्रकचं डिझेल सांडलं असेल, कडेला खडी असेल, तर ती त्या डबीला आधी दिसत नाही. ब्रेक न मारताच पुढचा टायर सरकला, तर तो परत आणणारं बटण कुठल्याच गाडीवर नाही.

आणि भौतिकशास्त्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही. उत्तम टायर, कोरडा रस्ता, पट्टीचे ब्रेक असं सगळं धरलं तरी १०० किमीवरून थांबायला साधारण ४० मीटर लागतात. २०० वरून? दुप्पट नव्हे, चौपट. १६० मीटरच्या आसपास. शिवाय तो पाव सेकंद वेगळा. एवढ्या अंतरात हायवेवर किती गोष्टी घडू शकतात, आठवून बघा. उलट्या बाजूने येणारी रिक्षा, रस्ता ओलांडणारी म्हैस, डिव्हायडरच्या फटीतून निघालेले काका.

म्हणून इलेक्ट्रॉनिक्स नकोत का? अजिबात तसं नाही. पावसात, थकव्यात, एखाद्या दचकण्याच्या क्षणी ती जीव वाचवू शकतात. आपल्या सरकारनेही एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं केलं, ते उगाच नाही. फक्त ती विम्यासारखी आहेत. विमा काढला म्हणून कुणी घराला आग लावत नाही.

घेण्याआधी एवढं करा

• आधी ट्रॅक. चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा. एका ट्रॅक डेचा खर्च सुपरबाईकच्या एका ईएमआयपेक्षा बहुधा कमीच होईल.

• लहान गाडीवर शिका. २०२३ मध्ये आलेली केटीएमची नवी ३९० ड्यूक आपल्या चाकणलाच बनते. तिच्यात कॉर्नरिंग एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोलही आहे. सिक्स ॲक्सिस आयएमयू टीव्हीएसच्या अपाचे आरटीआर ३१० वरही मिळतो. वीस लाखांचं तंत्रज्ञान आता तीन-साडेतीन लाखांच्या घरात आलंय.

• खिशाचा हिशेब पूर्ण करा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या गाड्यांवर जीएसटीच ४० टक्के आहे. वर विमा, टायर, सर्व्हिसिंग.

• टायरचं प्रेशर बघा. झिजलेल्या किंवा कमी हवेच्या टायरवर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर फुकट आहे.

• डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकला, तर 'वा, काय गाडी आहे' म्हणू नका. कुठे, कोणत्या वळणावर, हात किती पिळला होता, ते आठवा. फुकटची शिकवणी आहे ती.

तर मंडळी, येत्या रविवारी लोणावळ्याला जरूर जा. मिसळ खा, फोटो काढा, गाडीतल्या सेन्सरचं कौतुक करा. फक्त घाट लागला की एवढं लक्षात असू द्या. त्या डबीला बाईकचा कल कळतो, चाकाचा वेग कळतो, ब्रेकवरचा दाब कळतो. घरी कुणीतरी जेवायला थांबलंय, एवढं मात्र तिला कळत नाही. ते आपल्यालाच माहीत असावं लागतं.