जनरेटर मोठा, चार्जर छोटा

कोलोरॅडोच्या जंगलात सप्टेंबरमध्ये ट्रॅव्हल ट्रेलर लावला, की रात्री हीटर लावावाच लागतो. हीटर जळतो प्रोपेनवर, पण गरम हवा खेळवणारा त्याचा पंखा ट्रेलरच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालतो. तो साधारण 8 अँपिअर ओढतो. रात्रभरात मिळून चार तास फिरला, तरी 32 अँपिअर-तास गेले. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचं सर्किट यांचे आणखी दहा-पंधरा धरा. ट्रेलरबरोबर मिळणारी लेड-ॲसिड बॅटरी असते 80 ते 100 अँपिअर-तासांची, आणि ती टिकवायची तर निम्म्याखाली उतरवायची नसते. म्हणजे एका रात्रीत शिल्लक संपली.

मग जनरेटरची खरेदी निघते. तिथं बहुतेकांचा हिशोब एकाच जागी चुकतो, आणि यात तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळीही आली. जनरेटर जितका मोठा, तितकी बॅटरी लवकर भरेल, असं वाटतं. पण जनरेटर ट्रेलरला देतो 120 व्होल्टची वीज. ती 12 व्होल्टवर आणून बॅटरी भरण्याचं काम ट्रेलरमधल्या कन्व्हर्टरचं. तो 55 अँपिअरचा असेल, तर बाहेर 2000 वॅटचं यंत्र धडधडो की 7000 चं, तो 55 च्या वर जाणार नाही. वाढपी कितीही उदार असला तरी जेवणारा पोटापुरतंच जेवतो. एकटी 100 ची लेड-ॲसिड बॅटरी तर तेवढेही फार वेळ घेत नाही. 80 टक्क्यांपर्यंत ती भराभर भरते, शेवटच्या 20 टक्क्यांना मात्र कित्येक तास लावते. त्यासाठी पेट्रोल जाळणं मला तरी पटत नाही. सकाळी दोनेक तास जनरेटर चालवावा आणि उरलेलं काम 100 वॅटच्या सौर पॅनेलवर सोडावं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ भरेपर्यंत पूर्ण प्रवाह घेते, त्यामुळे जनरेटरचे तास तिथं खरोखर वाचतात. फक्त शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करायची नाही.

बऱ्याच जनरेटरवर 12 व्होल्टचं एक आउटलेटही असतं. त्यातून थेट बॅटरीला वायर जोडण्याचा मोह होतो. लहान जनरेटरवर ते जेमतेम 8 अँपिअर देतं, आणि बॅटरी किती भरली याचं त्याला भान नसतं. ट्रेलरची मोठी केबल ॲडाप्टर लावून जनरेटरच्या 120 व्होल्टच्या सॉकेटमध्येच खोचावी.

आता वॅट किती? 55 अँपिअर गुणिले 14.4 व्होल्ट म्हणजे सुमारे 800 वॅट. कन्व्हर्टरमधली घट धरली तर जनरेटरवर भार येतो हजार-अकराशेचा. हजारी जनरेटर सलग देतो 900, म्हणजे तो तोकडा पडतो. होंडाच्या ईयू2200आय वर आकडा 2200 चा असला, तरी सलग मिळतात 1800. वजन 21 किलोच्या आसपास, एकट्याला उचलता येण्याजोगं. त्यात उंचीची कात्री आहेच: दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के ताकद घटते. यलोस्टोन सरोवराकाठी, 7,700 फुटांवर, त्या 1800 चे 1300 उरतात. बॅटरीला ते पुरतात. छतावरचा एसी चालवायचा असेल तर गणित वेगळं, कारण तो सुरू होताना क्षणभर तिपटीच्या घरात वीज ओढतो. पण डोंगरात थंडी खायला गेलेल्यांनी एसीसाठी दुप्पट वजन का वाहावं?

आवाजाचं पथ्य कडक आहे. राष्ट्रीय उद्यानांत 50 फुटांवर 60 डेसिबलची मर्यादा आहे, आणि जनरेटर चालवण्याच्या वेळाही ठरलेल्या असतात. बांधकामावर दिसतात ते उघड्या सांगाड्याचे जनरेटर या मर्यादेत बसणं अवघड. इन्व्हर्टर जनरेटरच घ्यावा. जाहिरातीतला डेसिबलचा आकडा बहुधा पाव भारावर मोजलेला असतो, तेव्हा पूर्ण भाराचा विचारून घ्या.

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटर ट्रेलरपासून किमान 20 फूट लांब ठेवावा, एक्झॉस्ट आपल्याकडे नको आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. सहल संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावं. तिकडच्या पेट्रोलमध्ये बहुधा 10 टक्के इथेनॉल असतं. कार्बोरेटरमध्ये ते महिनोन्‌महिने राहिलं, तर पुढच्या मोसमात दोरी ओढून खांदा दुखेल, जनरेटर सुरू होणार नाही.