शेजारच्याचा ड्रोन, आपली पंचाईत!

रविवारची सकाळ. बंगळुरूच्या यलहंका भागातली एक उंच सोसायटी. नवव्या मजल्यावरच्या मराठी घरात गरमागरम पोह्यांच्या बश्या नुकत्याच हातात आलेल्या. एवढ्यात खिडकीबाहेर भुंगा घोंघावल्यासारखा आवाज येतो. चार पंख्यांचं एक यंत्र खिडकीसमोर क्षणभर घुटमळतं आणि सुर्रकन वर निघून जातं.

उडवणारा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. समोरच्या इमारतीतला कॉलेजात जाणारा मुलगा. हुशार, मदतीला धावणारा, आजोबांना मोबाइल शिकवणारा. ‘‘पोलिसांना कळवायलाच हवं,’’ सूनबाई म्हणतात. ‘‘अगं, पोराची हौस ती. पोलिसांच्या फेऱ्यात सापडला, तर आयुष्याचं नुकसान,’’ सासूबाईंचा जीव तुटतो. घरातले कर्ते पुरुष मात्र वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसतात!

हे चित्र कल्पनेतलं असलं, तरी प्रश्न अगदी खरा आहे. नियम मोडणाऱ्या हौशी ड्रोनवाल्याची तक्रार करायची की शेजारधर्म पाळून गप्प बसायचं?

बंगळुरूत हा प्रश्न जास्त टोकदार होतो. हे विमानांचंच शहर. यलहंक्याला हवाई दलाचा तळ, जवळच जक्कूरला वैमानिक घडवणारी सरकारी शाळा, शहरात एचएएलची धावपट्टी आणि देवनहळ्ळीला २००८पासून सुरू असलेला केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ. गच्चीवरून दिसणारं आकाश मोकळं वाटतं, पण ते मोकळं असतंच असं नाही.

नियम सांगतात काय?

केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. ते हौशी माणसाच्या मुळावर उठलेले मुळीच नाहीत. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ ड्रोन धंद्यासाठी नव्हे, तर हौसेसाठी उडवायचा असेल, तर त्यालाही या नियमांनी सूट दिली.

अट आहे ती जागेची. देशाच्या नकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग पाडण्यात आले. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगीची गरज नाही. मात्र विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या भागात हवाई नियंत्रकांची परवानगी हवी आणि लाल भागात थेट केंद्र सरकारची. शिवाय मिरवणूक, सभा किंवा बंदोबस्ताच्या वेळी पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत लाल ठरवू शकतो. या नियमांत दंडाची कमाल रक्कम आहे एक लाख रुपये.

पाव किलोचं वजन

‘‘एवढंसं खेळणं, त्याने विमानाचं काय बिघडणार?’’ असं कुणालाही वाटेल. यलहंक्याच्या रहिवाशांना याचं उत्तर वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. २०२३ साली तिथे ‘एअरो इंडिया’ प्रदर्शन भरलं, तेव्हा महापालिकेने तळाच्या १० किलोमीटर परिसरात मांसविक्री काही दिवस बंद ठेवली होती. कारण एकच. फेकलेल्या मांसावर घारी येतात आणि विमानावर आदळतात. पक्षी तर हाडामांसाचा. ड्रोनमध्ये मोटर आणि बॅटरीसारखे कठीण भाग असतात. अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाने २०१८ साली सुमारे एक किलोचा ड्रोन छोट्या विमानाच्या पंखावर वेगाने आदळवून पाहिला. ड्रोन पंखात खोल शिरला आणि आतल्या मुख्य आधारालाच त्याने इजा केली.

ही झाली प्रयोगशाळेतली गोष्ट. ९ जानेवारी २०२५ रोजी ती प्रत्यक्षात घडली. लॉस एंजेलिसजवळ वणवा पेटला होता. एका माणसाने वणवा बघण्याच्या कुतूहलापोटी आपला ड्रोन दोन किलोमीटरहून दूर पाठवला. तो नजरेआड झाला आणि आग विझवणाऱ्या कॅनेडियन विमानावर आदळला. ड्रोनचं वजन सुमारे पाव किलो! पंखाला भोक पडलं. वैमानिकाने विमान सुखरूप उतरवलं खरं, पण लोकांची घरं जळत असताना ते दुरुस्तीसाठी जमिनीवर बसून राहिलं. त्या माणसाच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

संशयाचं भूत

मग दिसला ड्रोन की लाव फोन? तसंही नाही. नाण्याची दुसरी बाजू लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर दिसली. डिसेंबर २०१८मध्ये ड्रोन दिसल्याच्या खबरींमुळे नाताळच्या तोंडावर तिथली सुमारे हजार उड्डाणं विस्कळीत झाली आणि १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. पोलिसांनी जवळच राहणाऱ्या एका दांपत्याला पकडलं. नवऱ्याला छोटी विमानं उडवण्याचा छंद होता, एवढंच! ड्रोन दिसला तेव्हा तो कामावर होता. दीड दिवसाने दोघं निर्दोष सुटली, पण तोवर त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले होते. २०२० साली पोलिसांनी त्यांना दोन लाख पौंडांची भरपाई दिली. खरा उडवणारा मात्र सापडलाच नाही.

आपल्याकडेही २०२४च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, अशा बातम्यांनी लोकांची झोप उडवली होती. गावोगाव पहारे बसले. अशा वातावरणात खरा सर्वेक्षणवाला किंवा एखादा हौशी पोरगा जमावाच्या हाती लागला, तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

गप्प बसण्याची किंमत

तरीही गप्प बसणं हे उत्तर नव्हे. हौशी मंडळींनी तर ते मुळीच स्वीकारू नये. ऑक्टोबर २०१४मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सुरक्षेचं कारण देत सर्वसामान्यांच्या ड्रोन उडवण्यावर सरसकट मनाई केली होती. नवे नियम लागू व्हायला १ डिसेंबर २०१८ उजाडला. चार वर्षं नियमाने वागणारेही घरी बसले. आज एखाद्याच्या आगाऊपणातून अपघात घडला, तर सुक्याबरोबर ओलंही जळणार. म्हणून छंद असणाऱ्यांनीच आपल्यातल्या बेफिकीर मित्राचा कान आधी पकडायला हवा.

शेजाऱ्यांनी काय करावं? आधी स्वतःला विचारावं, की यात आत्ता कुणाचा जीव धोक्यात आहे का? विमानाच्या वाटेवर, गर्दीच्या डोक्यावर किंवा लष्करी तळाजवळ ड्रोन असेल, तर ओळखदेख बाजूला ठेवून ११२वर कळवावं. कुणी खिडकीतून बाईमाणसाच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रीकरण करत असेल, तर ती हौस नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची कैद आहे. तिथेही भीड नको.

बाकी वेळी आधी बोलावं. मुलाशी, मग त्याच्या आईवडिलांशी आणि गरज पडली तर सोसायटीच्या कमिटीशी. त्याला नकाशा दाखवावा, मोकळं मैदान सुचवावं. तरीही ऐकलं नाही, तर तक्रार करावी. पण तक्रारीत डोळ्यांनी पाहिलेलंच सांगावं. दिवस, वेळ, जागा आणि अंदाजे उंची. ‘तोच असणार’ हे शब्द त्यात नकोत आणि त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर तर नकोच नको.

नवव्या मजल्यावरच्या घरातही तेच व्हावं. सासूबाईंनी पोह्यांची एक बशी झाकून घ्यावी, सूनबाईंनी मोबाइलवर तो लाल-पिवळा नकाशा उघडावा आणि दोघींनी मिळून समोरच्या इमारतीची बेल वाजवावी. वर्तमानपत्रामागे लपलेल्यांनाही बरोबर घ्यावं. तक्रारीची वेळ कदाचित येणारच नाही. आणि आलीच, तर आधी सांगून पाहिलं होतं, एवढं तरी मनाला समाधान राहील.