पन्नास वर्षांच्या संसाराची नाडी

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा समारंभ आता मध्यमवर्गीय घरांतही चांगलाच रुळला आहे. छोटंसं मंगल कार्यालय, दारात रांगोळी, पन्नास दिव्यांचं औक्षण, व्यासपीठावर दोन सजवलेल्या खुर्च्या, नातवंडांनी जुन्या फोटोंचा केलेला व्हिडिओ आणि जेवायला जिलेबी-मठ्ठा. पडद्यावर कृष्णधवल फोटो सरकत असतात, तेवढ्यात थोरला मुलगा माईक हातात घेतो. वडिलांच्या शिस्तीबद्दल बोलून झालं की तो आईकडे वळतो आणि अशा समारंभांत हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणतो, ‘‘पन्नास वर्षांत आईनं बाबांना एका शब्दानंही उलट उत्तर दिलं नाही.’’ टाळ्या पडतात. मावश्या-आत्या डोळ्यांना पदर लावतात.

हृदयविकाराचे अभ्यासक मात्र या वाक्यावर टाळ्या वाजवणार नाहीत.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयविकाराशी काय संबंध आहे, हे जगाला कळलं त्यात या गावातल्या लोकांचा मोठा वाटा आहे. १९४८पासून त्यांच्या आणि पुढे त्यांच्या मुलाबाळांच्या तपासण्या होत आल्या आहेत. त्यातल्याच दुसऱ्या पिढीच्या सुमारे तीन हजार विवाहित स्त्री-पुरुषांना संशोधकांनी संसाराबद्दल काही प्रश्न विचारले होते. जोडीदाराशी मतभेद झाले की तुम्ही मनातलं बोलून दाखवता की आतच ठेवता, हा त्यातला एक. पुढची दहा वर्षं या लोकांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आलं आणि २००७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रिया भांडणाच्या वेळी नेहमी किंवा बहुतेक वेळा गप्प राहत, त्यांच्यात त्या दहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण बोलणाऱ्या स्त्रियांच्या चौपट आढळलं. वय, रक्तदाब, सिगारेट, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब लक्षात घेऊनही हा फरक उरला. पुरुषांच्या गप्प बसण्याचा असा परिणाम दिसला नाही.

आणखी एक गोष्ट याच अभ्यासात होती, ती फारशी सांगितली जात नाही. नवरा-बायकोचे खटके किती उडतात याचा आयुर्मानाशी संबंध सापडला नाही. म्हणजे चहात साखर जास्त झाली, गिझर चालूच राहिला, पेपराची घडी नीट घातली नाही, यावरून रोज सकाळी होणारी चकमक तितकीशी धोक्याची नाही. धोका आहे तो मूग गिळून बसण्यात.

अर्थात अशा पाहणीतून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच कळतं. एकीमुळेच दुसरी घडली हे सिद्ध होत नाही. जी बाई बोलू शकत नाही, तिला स्वतःच्या दुखण्याबद्दलही बोलता येत नसेल, छातीत कळ आली तरी ‘पित्त असेल’ म्हणून ती लिंबू-सरबतावर भागवत असेल, हेही शक्य आहे. पण आपल्याकडच्या घरांकडे पाहिलं तर ही शक्यताही काही दिलासा देणारी नाही.

शब्द गिळले तरी शरीर त्यांची नोंद ठेवतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९च्या सुमारास १५६ जोडप्यांचा अभ्यास सुरू केला. काही चाळिशी-पन्नाशीतली, काही साठीच्या पुढची. त्यांना प्रयोगशाळेत समोरासमोर बसवायचं, कॅमेरा लावायचा आणि ज्या विषयावर पटत नाही त्यावर १५ मिनिटं बोलायला सांगायचं. दर काही वर्षांनी पुन्हा हेच. वीस वर्षांची चित्रफीत आणि तब्येतीच्या नोंदी २०१६मध्ये शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा मोठा गमतीशीर नकाशा तयार झाला. जे बोलताना भडकत, त्यांना पुढे छातीत दुखणं, रक्तदाब अशा तक्रारी जास्त. जे दगडासारखा चेहरा करून, मान ताठ ठेवून, नजर दुसरीकडे वळवून बसत, त्यांना पाठ, मान आणि सांधे धरण्याच्या तक्रारी जास्त. हा संबंध नवऱ्यांमध्ये अधिक ठळक होता. पेपराच्या आड तोंड लपवून ‘हूं’ एवढंच म्हणणाऱ्या आजोबांनी कंबरपट्टा घेण्याआधी एकदा याचाही विचार करायला हरकत नाही.

ओहायो राज्य विद्यापीठातल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी तर याहून थेट प्रयोग केला. ४२ जोडप्यांच्या हातावर मुद्दाम बारीक फोड आणून त्यांना रुग्णालयात एक दिवस ठेवलं. एका भेटीत एकमेकांना धीर देणारं बोलायला सांगितलं, दुसऱ्या भेटीत वादाच्या विषयावर. वादानंतरच्या जखमा भरायला सुमारे एक दिवस जास्त लागला. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात सतत टोमणे आणि कडवटपणा होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या ६० टक्केच होता. जखमेपाशी जमून दुरुस्तीला लागणारी रसायनं त्यांच्यात कमी तयार झाली होती. म्हणजे बोलायचं, पण कुजकं बोलायचं नाही. सांगायला सोपं आहे.

दिलासा देणारी बातमीही त्याच बर्कलीच्या खोलीतून आली. ८७ जोडप्यांची १३ वर्षांतली संभाषणं तपासली, तेव्हा वय वाढेल तशी टीका आणि स्वतःचा बचाव करण्याची धडपड कमी होत गेलेली दिसली आणि थट्टामस्करी व माया वाढलेली. चाळिशीत ज्या सवयीवरून आकाशपाताळ एक व्हायचं, तीच सवय सत्तरीत चेष्टेचा विषय होते, हे कुठल्याही जुन्या घरात पाहायला मिळतं. हार्वर्डच्या १९३८पासून चालू असलेल्या अभ्यासात ऐंशीच्या घरातल्या ४७ जोडप्यांना सलग आठ दिवस रोज विचारण्यात आलं, की आज किती दुखतंय आणि मन कसं आहे. ज्यांचं एकमेकांशी पटत होतं, त्यांचं गुडघेदुखी वाढलेल्या दिवशीही मन फारसं खचत नव्हतं. ज्यांचं पटत नव्हतं, त्यांना दुखणं दोनदा सोसावं लागत होतं, एकदा अंगात आणि एकदा मनात.

पण नवरा-बायको एकमेकांना फक्त मायाच देतात असं नाही, आजारही देतात. सांसर्गिक नव्हेत, सवयीचे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. जोडीदाराला मधुमेह असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता २६ टक्क्यांनी जास्त आढळली. दोघांचं रक्ताचं नातं नाही, पण रात्रीचा भात, चारचा चहा-खारी आणि जेवल्यावर लगेच टीव्हीसमोर बसणं एकच असतं. रक्तदाबाबाबत तर भारताचेच आकडे आहेत. २०२३च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या चार देशांच्या तुलनेत भारतातली २२ हजारांहून अधिक मध्यमवयीन आणि वृद्ध जोडपी होती. त्यांपैकी जवळजवळ २० टक्के, म्हणजे दर पाचातल्या एका घरात दोघांचाही रक्तदाब वाढलेला निघाला. नवऱ्याला रक्तदाब असेल, तर बायकोलाही तो असण्याची शक्यता १९ टक्क्यांनी जास्त होती. एकट्या आजोबांना अळणी भाजी वेगळी काढून ठेवायची आणि आजींनी मात्र उरलेलं लोणचं-पापड ‘टाकायचं कशाला’ म्हणून संपवायचं, ही पद्धत म्हणूनच कुचकामी. तपासणीला जायचं तर दोघांनी जायचं. डॉक्टरांनाही एका फाइलऐवजी दोन मागायची सवय लागली तर बरं.

या फाइलचा आणखी एक प्रश्न आहे. बहुतेक घरांत गोळ्यांचं वेळापत्रक एकाच माणसाच्या डोक्यात असतं, आणि ते माणूस साधारणपणे आजी असते. पांढरी सकाळी, गुलाबी जेवणानंतर, अर्धी रात्री. लंडनमधल्या कॉलिन मरे पार्क्स यांनी ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांची माहिती तपासून १९६९मध्ये दाखवून दिलं, की पत्नीच्या मृत्यूनंतर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं. त्यात हृदयविकाराचे मृत्यू बरेच होते. दुःखाचा भार हृदयावर पडतोच. पण दोन्ही वेळचं गरम जेवण, गोळ्यांची आठवण, ‘आज चेहरा उतरलाय, काय होतंय?’ असं विचारणारं माणूस, हे सगळं एकाच दिवशी घरातून जातं हेही विसरून चालणार नाही. एका कागदावर दोघांच्या गोळ्या मोठ्या अक्षरांत लिहून तो फ्रिजवर चिकटवायला दहा मिनिटं लागतात. वरणभाताचा कुकर लावायला शिकायला फार तर एक आठवडा.

राहिला प्रश्न घराबाहेर पडण्याचा. कोल्हापुरात रंकाळ्यावर, मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, सांगलीत कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी पाहिलं, की वयस्कर जोडप्यांचे दोन प्रकार दिसतात. एकात आजोबा दहा पावलं पुढे आणि आजी मागे. दुसऱ्यात दोघं बरोबरीनं, पण रमतगमत. दुसरा प्रकार डोळ्यांना सुखावणारा असला, तरी त्यातही एक मेख आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २५ ते ७९ वयाच्या ७२ जोडप्यांच्या चालण्याचा वेग मोजला. बरोबर चालताना तो कमी झाला आणि हात धरल्यावर आणखी कमी. म्हातारपणी चालण्याचा वेग ही साधी गोष्ट नाही. २०११मध्ये ३४ हजारांहून अधिक वृद्धांच्या माहितीवरून असं दिसलं होतं, की वेगाने चालणारे जास्त जगतात. तेव्हा व्यायामाची पहिली फेरी ज्याने त्याने आपापल्या वेगाने मारावी आणि दुसरी बरोबर. एकट्याने बाहेर पडायला जे धजावत नाहीत, त्यांनी मात्र वेगाचा विचार न करता जोडीदाराचा हात धरून निघावं. घरात बसण्यापेक्षा हळू चालणं केव्हाही चांगलं.

हात धरण्याची दुसरी बाजूही मोजून झाली आहे. २००६मधल्या एका प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवून, घोट्याला विजेचा सौम्य झटका बसू शकतो, असं सांगितलं होतं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची खळबळ कमी झाली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडी कमी झाली, पण नवऱ्याच्या हाताइतकी नाही. आणि जिचा संसार जास्त समाधानाचा, तिच्यात ती सर्वांत कमी. नुसता नवऱ्याचा हात असून भागत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

फेरफटका रोजच्याच वाटेने मारला, तर पायांना फायदा होतो. संसाराला व्हायचा तर वाट थोडी बदलावी लागते. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये ५३ जोडप्यांवर दहा आठवडे हे करून पाहिलं. काहींना आठवड्यातून दीड तास एकत्र नेहमीचं, सुखाचं काहीतरी करायला सांगितलं. काहींना एरवी न केलेलं, जरा उत्सुकता वाटेल असं. दुसऱ्या गटाचं समाधान पहिल्यापेक्षा जास्त वाढलं. यासाठी युरोपची सहल लागत नाही. जन्म कोल्हापुरात गेला, दर शनिवारी रंकाळ्यावर भेळ झाली, पण खिद्रापूरचं कोपेश्वराचं मंदिर पाहिलं नाही, अशी पुष्कळ मंडळी आहेत. शिलाहारकाळातलं ते मंदिर, त्याच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध आकाशाएवढा उघडा गोल आणि भोवती कोरीव खांब. सती गेल्यावर कोपलेल्या शंकराचं हे स्थान. त्याचा राग शांत करायला शेजारी विष्णू आहे, तोही लिंगरूपात. नंदी मात्र नाही. तो सतीला माहेरी सोडायला गेला म्हणतात. भांडण, माहेर आणि समजूत काढणारं तिसरं माणूस, सगळं एका गाभाऱ्यात पाहायला मिळतं.

सकाळची न्याहारी आणि गोळ्या घेऊन निघावं. पाण्याची बाटली, एक छत्री, आणि मधुमेह असेल तर पिशवीत दोन बिस्किटं किंवा गूळ. कुरुंदवाडमार्गे एसटीने जाता येतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३पासून स्त्रियांना कुठल्याही वयात निम्मं भाडं. म्हणजे सुवर्णमहोत्सव झालेल्या बहुतेक जोडप्यांसाठी कंडक्टर एकच तिकीट फाडतो, तेही अर्धं. खिडकीची जागा कुणी घ्यायची, यावर भांडायला हरकत नाही.