विशारद झालात, आता संगीतशास्त्र?

सोलापुरात संगमेश्वर महाविद्यालयामुळे सात रस्त्यावर दिवसभर विद्यार्थ्यांची वर्दळ असते. त्यांच्यातल्या एखाद्या गाणाऱ्या मुलीने संगीतशास्त्रात एम.ए. करायचं म्हटलं, की पहिला शेरा ठरलेला: ‘ज्याला गाता येत नाही, तो शास्त्राकडे वळतो.’

हे साफ चूक आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे राहून ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव दरबारी हिशेबाचा अधिकारी होता. संगीतशास्त्रकार भातखंडे वकील. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट. या मंडळींनी गाण्याचा कसून अभ्यास केला, पण मैफल गाजवणं हे त्यांचं काम नव्हतं. उलट मैफली गाजवणाऱ्या प्रभाताई अत्रे यांनी सरगमवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या संगीत विभागाचं प्रमुखपदही सांभाळलं.

दुसरा गैरसमज अधिक घातक: ‘शास्त्रात सगळं ठरलेलं आहे, नुसतं पाठ करायचं.’ बावीस श्रुतींचंच पाहा. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीने स्वर मोजले आणि 1910 मध्ये श्रुतींवर पुस्तक काढलं. प्रश्न मिटला असं अनेकांना वाटलं. पुढे 1963 मध्ये जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी प्रत्यक्ष सादरीकरणातले स्वर यंत्राने मोजले, तर एकच स्वर वेगवेगळ्या जागी सापडला. आज हे काम संगणकावर घरबसल्या करता येतं. दरबारी रागाचं ध्वनिमुद्रण घ्या, कोमल गंधाराचा आलेख काढा. रेघ एका जागी थांबतच नाही, खालीवर हेलकावे खाते. मग या गंधाराला ‘अतिकोमल’ म्हणतात, म्हणजे नेमकं किती? हा प्रश्न पाठांतराने सुटत नाही.

‘विशारद म्हणजे पदवीच’ असंही सर्रास म्हटलं जातं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मान आहे आणि तो योग्यच आहे, पण मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे. सहायक प्राध्यापकपदाच्या ‘नेट’ पात्रतेसाठी पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गाला 55 टक्के लागतात. आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेला मात्र एम.ए. लागत नाही. तिथे गळाच तपासतात.

आणि संगीतशास्त्र फक्त रागांपुरतं, असं तर मुळीच नाही. डॉ. अशोक रानडे यांनी लोकसंगीत, नाट्यसंगीत, चित्रपटसंगीत या सगळ्यांना अभ्यासाचा विषय मानलं. आपल्या जिल्ह्यात तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात. पंढरपूरची भजनं आहेत, सिद्धेश्वराच्या यात्रेतली वाद्यं आहेत, विणकरांच्या घरची तेलुगू गाणी आहेत. यांचं नीट ध्वनिमुद्रण, स्वरलेखन आणि गाणाऱ्यांच्या मुलाखती, एवढ्यातून प्रबंध उभा राहू शकतो.

प्रवेशअर्ज भरण्याआधी त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम मागवून वाचा. गायनाच्या एम.ए.त शास्त्राचे दोनच पेपर आहेत, की संशोधनपद्धती आणि प्रबंधही आहे, हे तपासा. शंका असेल तर विभागप्रमुखांना थेट भेटा.