कोपर ते मोरस : काटकसरीने

परदेशप्रवासावर लेख लिहिण्याचा माझा अधिकार किती, हे माझे मलाच ठाऊक. कोपर स्टेशनात वरच्या फलाटावर वसई-पनवेलची गाडी लागते आणि खालच्या फलाटावर मुंबईची धीमी लोकल. या दोन गाड्यांच्या पलीकडे आमच्या घराची मजल फारशी कधी गेली नाही. पण यंदाच्या, म्हणजे 2025 च्या मे महिन्यात आमचे 'हे', माझ्या नणंदबाई आणि मी असे तिघे मॉरिशसला आठ दिवस राहून आलो, आणि तेही कर्ज न काढता. ही बातमी चाळीत पसरल्यापासून आमच्याकडे चहाला येणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली आहे. प्रत्येकाला तेच तेच सांगून चहापत्ती संपवण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे, म्हणून हा खटाटोप.

मोरस म्हणजे कुठे?

माझ्या सासूबाई साखरेला शेवटपर्यंत 'मोरस' म्हणत. हे मोरस म्हणजेच मॉरिशस. जुन्या काळी तिथली पांढरी साखर मुंबई बंदरात उतरे आणि बेटाचे नावच साखरेला चिकटले. त्या बेटावर उसाच्या मळ्यात राबायला इंग्रजांनी 1834 पासून हिंदुस्थानातून मजूर नेले. त्यांत बिहारकडचे फार, मद्रासकडचे बरेच आणि आपल्या कोकणातले थोडे, पण होते.

आमच्या सासरचे मूळ घर गुहागरकडचे. तिथे सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्त वाढण्याची रीत आहे. ते 'मोरसच्या आजोबांचे' पान. यांच्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ मुंबईहून जहाजात बसले ते परतलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. गेल्याची तिथी ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्री. लग्न होऊन आले तेव्हापासून ते पान मी वाढते आहे.

वन्सं आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. संक्रांतीला तिळगूळ देता देता त्या यांना म्हणाल्या, "गुडघे चालताहेत तोवर मला एकदा तो देश दाखव रे. मग काही मागायची नाही." आयुष्यात ज्या बाईने कधी साधी चप्पलसुद्धा मागून घेतली नाही, तिने एकदम देशच मागितला! हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी बँकेचे पुस्तक काढून बसले.

आधी रीतीप्रमाणे एका प्रवासी कंपनीत चौकशी केली. तिथल्या चुणचुणीत मुलाने "हनिमूनसाठी का?" असे विचारून वन्संना हसवले. मग समुद्राकाठचे हॉटेल, फिरायला मोटार, काचेच्या तळाची होडी असे सगळे धरून तिघांचा आकडा सांगितला, तेव्हा यांनी पाणी मागून घेतले. बाहेर आल्यावर मी म्हटले, "आपल्याला देश पाहायचा आहे ना? मग तिथले लोक जसे राहतात तसे राहू या की!" आमच्या सगळ्या काटकसरीचे बीज या एका वाक्यात आहे.

तिकीट आणि तारीख

भारतीय पासपोर्टवाल्या प्रवाशाला मॉरिशसच्या व्हिसासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. परवानगी तिथे उतरल्यावर मिळते. मात्र परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा कागद आणि खर्चापुरते पैसे दाखवायची तयारी हवी. निघण्यापूर्वी त्यांच्या सरकारचा एक फॉर्म इंटरनेटवर भरावा लागतो. तो भरून देण्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. आमच्या पुतण्याने तो लोकलमध्ये उभ्या उभ्या भरला.

महिना निवडताना मात्र डोके चालवावे. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट. जानेवारी ते मार्च हे वादळांचे दिवस, आणि नाताळात सगळेच महाग. आपल्या मुलांची मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथली थंडीची सुरुवात. हवा गोड, गर्दी कमी, भाडी उतरलेली. पावसाची एखादी सर येते आणि जाते. संध्याकाळी स्वेटर लागतो. वन्संची शाल मी दोनदा उसनी घेतली.

कोपरहून विमानतळाला टॅक्सी करण्याचीही गरज नाही. धीम्या लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला दुसरी मेट्रो धरली की ती थेट टर्मिनल दोनच्या पोटात नेऊन सोडते. विमान पहाटेचे असले तर आदल्या रात्रीच जाऊन बसावे. घरच्या दशम्या आणि चटणी तिथे फार गोड लागते. मात्र ताजी फळे, भाज्या, बियाणे यांतले काही बरोबर घेऊ नका. त्या बेटावर याबाबत फार कडक नियम आहेत. माझी कढीपत्त्याची जुडी यांनी दारातच काढून ठेवली, तेव्हा मी रागावले होते. तिथला तपासनीस पाहिल्यावर राग गेला. औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

बिऱ्हाड

मॉरिशस म्हटले की सगळे समुद्राकाठी जागा शोधतात. तिथेच पैसे जातात. आम्ही बेटाच्या मध्यावर, कात्र बोर्न नावाच्या गावात एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर घेतले. सगळे बेट दोन हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे आपला ठाणे जिल्हा पालघर वेगळा होण्यापूर्वी जेवढा होता त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. मध्यावर राहिले की कुठलाही किनारा सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याइतका जवळ.

आणि समुद्राचे म्हणाल, तर तिथे वाळूचा किनारा सर्वांचा असतो. कितीही मोठे हॉटेल असो, भरतीच्या रेषेखालची वाळू त्याच्या मालकीची नसते. फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर लांबच लांब सुरूचे बन आहे, अगदी आपल्या कोकणातल्यासारखे. रविवारी तिथली कुटुंबे पातेली, चटया, पोरेबाळे घेऊन सुरूच्या सावलीत येतात. आम्हीही भाताचे पातेले घेऊन गेलो. शेजारच्या चटईवरून लोणचे आले, आमच्याकडून लाडू गेले. हॉटेलातल्या आरामखुर्चीवर हे काही मिळाले नसते.

बस आणि मेट्रो

तिथली खरी गंमत बसमध्ये आहे. बस सगळ्या बेटावर जाते, भाडे माफक, आणि कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो. त्याला आपले उतरण्याचे ठिकाण कागदावर लिहून दाखवावे. फ्रेंच नावे आपल्या तोंडात बसत नाहीत. सुटे पैसे जवळ असावेत. भारताचे यूपीआय 2024 च्या फेब्रुवारीपासून तिथे सुरू झाले आहे खरे, पण ते दुकानात. बसमध्ये रोकडच बरी. त्यांच्या चलनालाही रुपयाच म्हणतात, पण तो आपल्या रुपयाहून वजनदार आहे. निघण्यापूर्वी दर पाहून मनाशी कोष्टक पक्के करावे, नाहीतर सगळेच स्वस्त वाटून पिशवी भरते.

पोर्ट लुई या राजधानीपासून कात्र बोर्नवरून क्युरपिपपर्यंत आता मेट्रोही आहे. तिचा पहिला टप्पा 2019 मध्ये खुला झाला. भारताने पैशाची मदत केली आणि बांधली आपल्याच लार्सन अँड टुब्रोने. आमच्या यांनी डब्यातल्या एका गृहस्थांना हे तीनदा सांगितले. आणि डब्यात बसायला जागा होती, हे कोपरच्या माणसाने कुणाला सांगितले तरी पटायचे नाही.

टॅक्सी आम्ही एकच दिवस केली, गंगा तलावासाठी, कारण त्या डोंगरात बस तुरळक. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे आणि परतीचे धरून ठरवावे.

पोटोबा

जेवणाची चिंता शाकाहारी माणसानेही करू नये. निम्म्याच्या आसपास लोक हिंदू आहेत. रस्त्यावर 'ढोल पुरी' मिळते. डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, आत घेवड्याची उसळ आणि चटणी. आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच म्हणा. ती नेहमी जोडीने देतात. एका जोडीत सकाळ भागते. मिरचीचे छोटे वडे आणि फालुद्याच्या वळणाचा 'आलुदा' पोर्ट लुईच्या मंडईत घ्यावा. रात्रीचा वरणभात बिऱ्हाडी. डाळ, तांदूळ, हळद, सगळे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मी इथून दोन किलो तूरडाळ वाहून नेली, तो मूर्खपणा तुम्ही करू नका.

फुकट पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. माहेबूरचे ऐतिहासिक संग्रहालय, गंगा तलाव, आणि पोर्ट लुईचा आप्रवासी घाट.

घाट आणि कागद

आप्रवासी घाटावर मजूर जहाजातून उतरत. 2006 मध्ये युनेस्कोने ते ठिकाण जागतिक वारशात घेतले. बंदराकाठच्या काही दगडी खोल्या आणि पाण्याकडून वर येणाऱ्या थोड्या पायऱ्या, एवढेच उरले आहे. वन्संनी चप्पल काढली, पायऱ्यांसमोर हात जोडले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. आम्ही दोघे बाजूला झालो.

मजुरांची जुनी दप्तरे मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. प्रत्येक माणसाला तेव्हा एक क्रमांक दिला जाई. त्या क्रमांकावर सगळी नोंद. आम्ही मोठ्या आशेने गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारले, जहाज कोणते, साल कोणते, क्रमांक काय? वन्संजवळ एक नाव आणि एक गाव. आणि त्या नावाची माणसे त्या काळी घरोघरी. काही सापडले नाही. आमच्यासारखे कुणी शोधाला निघणार असेल तर त्याने घरातले जुने कागद आधी धुंडाळावेत, साल तरी ठरवावे, आणि महिना-दोन महिने आधी पत्र पाठवून विचारावे. आम्ही हे केले नाही. परतीच्या बसमध्ये वन्सं खिडकीबाहेर उसाकडे बघत होत्या. "एवढ्या उसात एक माणूस कसा सापडायचा," एवढेच म्हणाल्या.

शेवटची बस

दुसऱ्या दिवशी फ्लिक आँ फ्लाकहून येताना आम्ही कास्काव्हेलला उतरलो. मराठी माणसांची वस्ती तिथे आहे, असे ऐकले होते. देऊळ पाहिले, वन्संनी आरतीला थांबायचा हट्ट धरला. मे महिन्यात तिथे पावणेसहाच्या सुमारास अंधार पडतो आणि गावाकडच्या बस त्यानंतर लवकरच बंद होतात. हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होते, आरतीत विसरले. रस्त्यावर येऊन उभे राहिलो तर दोन्ही बाजूंना नुसता ऊस आणि काळोख. हे घड्याळ पाहायला लागले, मी पैसे मोजायला लागले.

देवळातून बाहेर पडलेल्या एक बाई जवळ आल्या. आधी क्रिओल बोलल्या, मग हिंदी. वन्संनी सवयीने मराठीत सांगितले, "बस चुकली हो बाई." त्या थबकल्या आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "तुम्ही आमच्या घरी चला. मुलगा येईल. तो गाडीने सोडेल." मराठी त्या शाळेत शिकल्या होत्या; तिथल्या सरकारी शाळांतून ती आजही शिकवतात. त्यांच्या आडनावाच्या जागी एका मराठी पुरुषाचे नाव होते. जहाजातून उतरलेल्या पूर्वजाचे नावच पुढे आडनाव झाले, असे तिथे पुष्कळांचे आहे.

चहा झाला. गणपतीची सुट्टी तिथे साऱ्या देशाला असते आणि लग्नाकार्यात जाखडी अजून नाचतात, हे त्यांनी सांगितले. जाखडी म्हणताच वन्सं खुर्चीतून पुढे सरकल्या. "तुमचं गाव कोणतं?" त्यांनी विचारले.

"कास्काव्हेल."

"ते नव्हे. त्याच्या आधीचं."

बाई हसल्या. "रत्नागिरी, असे आजी म्हणायची. गाव माहीत नाही."

वन्सं थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचा माणूस इकडे आला तो कुठे गेला हे आम्हांला ठाऊक नाही. तुमचा कुठून आला हे तुम्हांला ठाऊक नाही. चला, फिटंफाट." आणि त्यांनी त्या बाईंचा हात हातात घेतला तो मुलाची गाडी दारात लागेपर्यंत सोडला नाही. पेट्रोलचे पैसे कुणी घेतले नाहीत.

तरीही सांगते, कुणाच्या चांगुलपणाच्या भरवशावर फिरू नका. शेवटच्या बसची वेळ सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा.

हिशेब

आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. विमानाचे दर रोज बदलतात. एवढे सांगते की कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून बऱ्याच कमी पैशांत आमचे झाले, आणि त्यातला मोठा वाटा विमानाचा. राहणे, खाणे, फिरणे यांचा खर्च आम्ही महाबळेश्वरला चार दिवस जातो तेवढाच आला. ज्याला समुद्रावरचे हॉटेलच हवे त्याने खुशाल जावे. पण माझी खात्री आहे, मोटारीतून गेलो असतो तर आमची बस चुकली नसती आणि त्या घरी आम्ही कधीच पोहोचलो नसतो.

यंदा सर्वपित्रीला मोरसच्या आजोबांचे पान नेहमीप्रमाणे वाढले. वन्संनी माझ्याकडून त्यावर ढोल पुरी करून घेतली. माझी पहिलीच खेप. डाळ जरा जाडसर राहिली आणि मीठ कमी पडले. कावळा मात्र लगेच शिवला.